स्मरणाचा वेग

आमच्या घरी संगणक आला तो शाळेच्या कामासाठी, असे आम्ही सर्वांना सांगत असतो. सौ.चे मत निराळे आहे. पण तो विषय आजचा नव्हे. शाळेची जुनी दाखल-नोंदवही आता इतकी जीर्ण झाली आहे की पान उलटताना कडा झडतात. पेन्शनच्या कागदांसाठी जन्मतारखेचा दाखला मागावयास माजी विद्यार्थी येतात, तेव्हा तीच वही काढावी लागते. म्हणून तिच्या पानांची छायाचित्रे घेऊन आम्ही सुट्टीत घरी एकेक नोंद संगणकावर उतरवीत असतो.

मे महिन्यात बडोद्याहून भाचे चिरंजीव इंदूरला आले. अभियांत्रिकीचे विद्यार्थी. आल्या दिवशीच आमच्या संगणकाची नाडी पाहून म्हणाले, "मामा, पैसे बत्तीसशेच्या मेमरीचे मोजलेत आणि चालवताय एकवीसशेवर!"

आम्हांस प्रथम दुकानदाराचा संशय आला. पण त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. डीडीआर४ जातीच्या या पट्टीवर एक चिमुकली चिप असते व तिच्यात पट्टीची कुंडली लिहिलेली असते. संगणक प्रथम तिच्यातील सुरक्षित वेग धरतो. आमच्या पट्ट्यांचा तो २१३३ होता, १.२ व्होल्टवर. पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला ३२०० हा कारखानदाराने दिलेला निराळा वेग. त्याला १.३५ व्होल्ट लागतात, आणि संगणक सुरू होताना बायोसमध्ये शिरून 'एक्सएमपी' नावाची सोय चालू केल्यावाचून तो बहुधा जागा होत नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा संगणक असेल, त्यांनी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग एकदा अवश्य पाहावा. आम्ही तीन वर्षे पाहिला नव्हता.

एवढे झाल्यावर चिरंजीवांनी थांबावयास हरकत नव्हती. पण छापील वेगाच्याही पुढे मेमरी पळविण्याचा, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, त्यांना छंद. त्यांनी ३६०० चा आकडा घातला व वेग वाढल्याचे जाहीर केले. येथे आमच्यातील मास्तर जागा झाला.

३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष देवघेवी. मेमरीचे घड्याळ त्याच्या निम्म्याने, १६०० दशलक्ष ठोके देते व प्रत्येक ठोक्यात दोनदा माल हलतो. पण मागणी केल्यापासून पहिला माल हाती येईपर्यंत काही ठोके थांबावे लागते. तो आकडा 'सीएल'. ३२०० ला सीएल १६ असेल तर थांबणे १० नॅनोसेकंदांचे. ३६०० ला चिरंजीवांनी सीएल १८ ठेवला होता. आम्ही पाटीवर गणित मांडले: पुन्हा १० च! रस्ता रुंद झाला, एका वेळी अधिक गाड्या जाऊ लागल्या. पहिली गाडी मात्र पूर्वीच्याच वेळी पोहोचली. उलट २१३३ ला सीएल १५ धरला तर थांबणे १४ नॅनोसेकंदांचे, म्हणजे झोपलेली सोय जागी केल्याने खरा लाभ झाला होता तो तेथे.

तुलना करण्याची त्यांची रीतही आम्हांस पटेना. एक चाचणी सकाळी, दुसरी रात्री. मध्ये आणखी चार सोयी बदललेल्या. दोन तुकड्यांना दोन निरनिराळ्या प्रश्नपत्रिका देऊन गुण ताडावे, तसा हा प्रकार. मग आमच्या अटी ठरल्या. काम एकच, आमच्या छायाचित्रांचा गठ्ठा दाबून लहान करण्याचे; वेळ एकच; प्रत्येक वेगाला पाच खेपा आणि त्यांतील मधला आकडा धरावयाचा. २१३३ वरून ३२०० ला गेल्याचा फरक जाणवला. ३२०० आणि ३६०० यांतला फरक पाहण्यास घड्याळ लागले. नोंदी टंकित करताना तर कशातच काही फरक नव्हता.

चिरंजीव इरेला पेटले. ३६०० कायम ठेवून त्यांनी सीएल १६ केला, व्होल्ट थोडे वाढविले. मेमरी तपासणारा मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम रात्रभर चालविला. एकही चूक नाही. चार दिवस आम्ही त्याच वेगावर काम केले. पाचव्या दिवशी भर दुपारी, खोली तापलेली असताना, तीच तपासणी पुन्हा लावली, आणि पडद्यावर तांबड्या ओळी उमटू लागल्या.

याचे कारण मेमरीच्या घडणीत आहे. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली अमेरिकेत जिचे पेटंट मिळाले, ती रचना आजही मुळात तीच आहे: एक ट्रान्झिस्टर, एक धारित्र, आणि त्या धारित्रातला विद्युतभार हीच आठवण. हा भार गळत असतो; म्हणून सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. उष्णतेने गळती वाढते. त्यात वाचावयास वेळही कमी दिला, तर कोठे तरी एक बिट उलटते. घरगुती संगणकात अशी चूक पकडणारी जादा चिप बहुधा नसते. संगणक काही बोलत नाही, पुढे चालतो.

चिरंजीवांनी सहज सांगितले की संगणकाच्या लिपीत देवनागरी ० आणि ८ यांत एकाच बिटाचा फरक आहे. तसाच १ आणि ९ यांत. आमच्या पोटात गोळा उठला. एक बिट उलटले की १९६० साली जन्मलेला मनुष्य १९६८ चा होतो, आणि दाखल्यावर सही आमची!

मेमरी त्याच दुपारी ३२०० वर आणली. त्या चार दिवसांत उतरविलेल्या सर्व नोंदी आम्ही शाळेत जाऊन मूळ वहीशी ताडून पाहिल्या. एक सापडली. वहीत १९६१, आमच्या यादीत १९६९. वहीत जन्मतारीख अक्षरीही लिहिलेली असते, तेथे स्वच्छ 'एकसष्ट' होते. नोंद दुरुस्त केली. आम्ही चिरंजीवांना फोन करून ही बातमी दिली. ते म्हणाले, "मामा, जुन्या हस्ताक्षरात एक आणि नऊ सारखेच दिसतात. चष्म्याचा नंबर केव्हा तपासला होता?"

सौ.ने भाच्याची बाजू घेतली आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही डोळे तपासून घेणार आहोत.