बंदी आहे, पिशवीही आहे

राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली २३ मार्च २०१८ रोजी. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद. एवढा कडक कायदा असूनही नगरच्या (अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून नगरच सोपं जातं) भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी पडते ती कॅरीबॅगमध्येच. भाजीवाल्या मावशी पिशव्यांचा गठ्ठा पोत्याखाली दाबून ठेवतात. महापालिकेचं पथक आलं की गठ्ठा गायब, पथक वळलं की हजर. त्यांना तरी काय बोल लावायचा? हात हलवत बाजारात जाणारे आपणच, आणि पिशवी नाही म्हटलं की शेजारच्या गाड्याकडे वळणारेही आपणच.

खरं तर बंदी कशी पाळावी, हे याच जिल्ह्यानं दाखवलंय. हिवरे बाजार या गावानं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवून ते निभावलं. ठरवलं ग्रामसभेनं. शिवाय चराई बंद केली तरी गवत कापून न्यायची वाट खुली ठेवली, म्हणजे बंदीसोबत पर्यायही दिला.

आमची मोहीम म्हणूनच दंड वाढवा म्हणत नाही. महापालिकेनं बचत गटांकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घ्याव्यात, त्या बाजारात अनामत घेऊन द्याव्यात आणि पथकानं मावशींच्या पोत्याआधी घाऊक विक्रेत्यांची गोदामं उघडावीत. पावसाळ्यात या पिशव्या गटारं तुंबवतात आणि सीना नदीत उतरतात, म्हणून हे सगळं पावसाळ्याआधी व्हायला हवं. मागणीचं पत्र याच अंकात आहे. सही करून महापालिकेत नेऊन द्या, पोच मात्र जरूर घ्या.