छाटणीचा मुहूर्त

दिवाळीच्या आधी जळमटे काढून झाली, डबे घासून उन्हात वाळत पडले आणि स्वयंपाकघरातून चकलीच्या भाजणीचा वास येऊ लागला, की घरातल्या पुरुषमंडळींना "तुम्ही जरा बाहेर जा" असे सांगण्यात येते. कोणी आकाशकंदिलाच्या कामट्या तासत बसतो, कोणी पायरीवर बसून वर्तमानपत्र दोनदा वाचतो. मी कात्री घेऊन परसात जातो. दिवाळी ही छाटणीची वेळ आहे, असे मी फार वर्षे मानत आलो होतो. ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत आमच्या घराने एकदा मोजली आहे. आज तीच हकीगत सांगावी म्हणतो.

आमचे घर गोंदियाला, रामनगरात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. भाताच्या गिरण्या आणि विड्या यांसाठी गाव ओळखले जाते. परस काही मोठे नाही. गुलाबाची चार झाडे, एक मोगरा, जास्वंद, कागदी लिंबू, कोपऱ्यात पारिजातक, आणि विहिरीजवळ आईने हौसेने लावलेला आंबा. त्या आंब्याच्या कैऱ्यांचे लोणचे आई दरवर्षी घालायची आणि बरण्या भरताना मुलांची, सुनांची, शेजाऱ्यांची नावे घ्यायची.

शाळेतून निवृत्त झालो त्या वर्षीची गोष्ट. वेळ भरपूर होता आणि नवी कात्री आणली होती. पाऊस जाऊन आभाळ स्वच्छ झाले होते. मी गुलाब छाटले, आणि ते बरोबरच केले. पण हात थांबेना! लिंबाचे काटेरी धुमारे काढले, जास्वंदीला आकार दिला, आणि शेवटी शिडी लावून आंब्याच्या साऱ्या फांद्यांची टोके हातभर कापून टाकली. झाड कसे गोल, नेटके दिसू लागले. आई ओट्यावर वाती वळत बसली होती. ती एवढेच म्हणाली, "अरे, त्याला आत्ता कशाला हात लावलास?" मी हसलो. शिक्षकाला प्रश्न विचारलेले आवडत नाहीत.

दीड महिन्याने गुलाब असे फुलले की शेजारीपाजारी बघायला आले. आंब्यालाही तांबूस, लुसलुशीत पालवी फुटली आणि मी मनोमन खूश झालो. पण जानेवारी सरला, फेब्रुवारी आला, गावातले सगळे आंबे मोहोरले. आमच्या झाडावर पाने तेवढी होती. त्या उन्हाळ्यात बाजारातून कैऱ्या आणल्या. आईने लोणचे घातले, चाखले, काही बोलली नाही. पुढच्या वर्षी आंबा मोहोरला तेव्हा आई नव्हती.

मला माझी चूक समजावून सांगितली ती आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी. त्या मूळच्या सडक अर्जुनीकडच्या. उन्हाळा आला की पंधरवडाभर रजा घेऊन गावी तेंदूपत्ता तोडायला जातात. मोहोर नसलेल्या झाडाकडे पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी, तेंदूचं झुडूप कापल्याबिगर चांगलं पान देत नाही, अन् आंबा अवकाळी कापला तं मोहोर देत नाही. दोघाले एकच कोयता कसा चालन?"

वाचकहो, छाटणीचे सगळे शास्त्र त्या एका वाक्यात आहे. आमच्या भागातल्या जंगलात फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे जमिनीलगत कापतात. मुळे जुनी आणि जोरकस असतात. वरचा भार गेला की खालून नवे धुमारे फुटतात, आणि साधारण दीड महिन्यात त्यांवर मोठी, मऊ, विडी वळताना न फाटणारी पाने येतात. एप्रिल-मे महिन्यांत ती पहाटेपासून तोडायची आणि ७० पानांचा एक पुडा बांधायचा. न कापलेल्या झुडपाची पाने खरखरीत आणि लहान. तेव्हा तेंदूचे धन नव्या काडीवर. पण त्याच तेंदूचा मोठा वृक्ष झाला आणि टेंभरे खायची असली, तर त्याला कोणी असा कापीत नाही!

म्हणून झाडाला कात्री लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: बाबा रे, तू फुलतोस ते नव्या फुटीवर की जुन्या, पिकलेल्या काडीवर? नव्या फुटीवर फुलणारे झाड बहराच्या आधी छाटावे. जुन्या काडीवर फुलणारे बहर संपल्यावर लगेच छाटावे, म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत काडी पिकायला वेळ मिळतो. आंबा दुसऱ्या जातीचा. त्याचा मोहोर पिकलेल्या फांद्यांच्या टोकांवर येतो. नेमकी ती टोके मी दिवाळीत कापली आणि झाडाने हिवाळा पालवीत घालवला.

आता आमच्याकडच्या हवेला धरून घरच्या झाडांचा हिशेब सांगतो. गुलाब पाऊस पूर्ण उघडल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात छाटावा. वाळक्या, किडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या काड्या आधी काढाव्या, चारपाच जोमदार काड्या राखून त्या दीड फुटावर आणाव्या. कलमाच्या सांध्याखालून येणारा फुटवा मात्र केव्हाही दिसला तरी मुळाशी काढावा. तो रानगुलाबाचा असतो आणि कलमाचे अन्न खातो. मोगरा जानेवारीच्या अखेरीस गुडघ्याएवढा छाटून उरलेली जुनी पाने ओरबाडून टाकावी, खत घालून पाणी सुरू करावे. मार्चपासून कळ्या दिसू लागतात. जास्वंद थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत. पारिजातकाचा बहर दिवाळीपर्यंत रेंगाळतो, म्हणून सडा पुरता थांबल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. बोगनवेल फुलांचा एक भर ओसरला की. शेवग्याच्या शेंगा संपल्या की तो निःसंकोच कमरेएवढा कापावा, नाहीतर शेंगा आभाळाला लागतात आणि ठिसूळ फांद्या वाऱ्याने मोडतात. मेंदीचे कुंपण पावसाळाभर कातरत राहिले तरी तक्रार करीत नाही.

लिंबाला जोराची छाटणी नकोच. सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, आणि सरळ वर जाणारे जाड पानसोट काढले की पुरे. आंब्याची फळे उतरल्यावर, पहिल्या पावसाच्या आगेमागे हलके हात फिरवावे, त्यापलीकडे काही नाही. मे महिन्यात कशालाच कात्री लावू नये. आमच्याकडचे ऊन असे की आजवर सावलीत राहिलेली साल एकदम उघडी पडली तर करपते. मुसळधार पावसातली मोठी जखमही वाईट. तिच्यात पाणी आणि बुरशी दोन्ही शिरतात.

काप कसा घ्यावा हेही सांगायला हवे. कात्री धारदार असावी आणि रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटने पुसावी. गुलाबाच्या काडीवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघून त्याच्या पाव इंच वर तिरपा काप घ्यावा, म्हणजे फूट बाहेर जाते आणि झाडाचा मधला भाग मोकळा राहतो. जाड फांदी एका दमात कापू नये. तिच्या वजनाने खोडाची साल सोलून निघते. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून थोडी करवत चालवावी, मग जरा पुढे वरून कापून फांदी पाडावी, आणि उरलेला खुंट शेवटी काढावा. हा शेवटचा काप खोडाला अगदी घासून नको. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखा जो फुगवटा असतो तो राखून काप घ्यावा. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून तपासली आणि दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंत घालते आणि सडलेला भाग कोंडून ठेवते. ती भिंत घालण्याची शक्ती त्या फुगवट्यात असते. वरून डांबर किंवा रंग फासल्याने आतले कुजणे थांबत नाही. लिंबूवर्गीय झाडांना बुरशीसाठी बोर्डो मलम लावतात, तेवढे करावे: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर, आणि भांडे लोखंडाचे नको.

शहरातल्या मंडळींना आणखी एक सूचना. अंगणात असले तरी झाड केवळ आपले नसते. १९७५ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रातल्या नागरी भागात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या उतरवायच्या असतील तरी नगरपरिषदेत आधी विचारून घ्यावे.

तर यंदाही फराळाची गडबड सुरू झाली की मला परसात पाठवण्यात येईल. मी गुलाब छाटीन, कात्री पुसून ठेवीन आणि आंब्याखाली खुर्ची टाकून बसेन. त्या झाडाला दिवाळीत हात लावायचा नाही हे आता नातवंडांनाही पाठ झाले आहे. मे महिन्यात त्याच्या कैऱ्या उतरतात, लोणचे सूनबाई घालतात, आणि बरण्यांवर नावे मी लिहितो. पहिली बरणी मावशींच्या घरी जाते.