जिंतूर : थांबा की गाव?
(बी. ए. तृतीय वर्ष)

जिंतूर हे गाव आहे की गाडीचा थांबा, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यापैकी बरेच जण हसतील. परंतु उत्तर देताना थोडे अडखळतीलही. परभणीहून आलेला रस्ता येथे येतो आणि जालन्याकडे, औंढ्याकडे, येलदरीकडे फुटतो. ओळख करून देताना आपणही म्हणतो, "परभणीच्या पुढे, पंचेचाळीसएक किलोमीटर." म्हणजे स्वतःच्या गावाचा पत्ता आपण दुसऱ्या गावाच्या नावाने सांगतो! पुण्याला गेलेला आपला मित्र तर तेवढेही सांगत नाही. तो "मराठवाड्याकडचा" एवढ्यावर भागवतो. माझे म्हणणे असे की जिंतूरला स्वतःचा एक स्वभाव आहे. तो ओळखण्याचे कष्ट आपण घेतलेले नाहीत, आणि आता घेतले नाहीत तर पुढे ओळखायला फारसे उरणार नाही.

गावाचा स्वभाव पुष्कळदा रस्ते घडवतात. निजामाच्या राजवटीत १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून रेल्वे आली. ती सेलू, मानवत रोड, परभणी अशी गेली आणि जिंतूर डोंगराच्या कडेला राहिले. रेल्वेच्या बाजूला कापसाची मोठी पेठ वाढली; आपल्या वाट्याला आली कचेरी. तहसील, कोर्ट, बाजार आणि दवाखाना यांच्यासाठी बोरीचा, बामणीचा, चारठाण्याचा माणूस सकाळी येतो आणि दिवेलागणीच्या आत परततो. दिवसा गजबजलेले आणि रात्री लहान होणारे असे हे गाव आहे. त्यामुळे येथल्या माणसाला अनोळखी माणसाचा संकोच नाही. चहाच्या टपरीवर शेजारी बसलेला म्हातारा सरळ विचारतो, "कोणाचा रं तू? कोणत्या गावचा?" शहरातल्या माणसाला ही चौकशी आगाऊपणाची वाटते. पण या दोन प्रश्नांच्या उत्तरावर येथे उधारी मिळते, निरोप पोहोचतो, रात्री गाडी चुकली तर ओसरीवर जागाही मिळते. कागदापेक्षा माणूस ओळखण्यावर चालणारे हे गाव आहे. (यातून जातही विचारली जाते, हे मी विसरलेलो नाही. स्वभाव म्हटला की त्यात खोडही आलीच.)

दुसरी गोष्ट बोलीची. येथला दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी दखनी आणि गल्ल्यावरच्या भावाशी मारवाडी बोलतो, आणि यात आपण काही विशेष करतो असे त्याला वाटत नाही. वर्गाबाहेर आपण "मी जायलो", "काय करायलास" असे बोलतो. वर्गात शिरलो की जीभ आवरतो. पुण्या-मुंबईच्या नाटकात मराठवाड्याचा माणूस बोलायला लागला की हशा पिकतो, आणि सर्वांत मोठ्याने आपणच हसतो. "बनी तो बनी, नहीं तो परभनी" ही म्हणदेखील आपण दखनीतच सांगतो आणि तिचा अर्थ आपल्यालाच लागू आहे हे मान्य करून टाकतो. आपल्या आजोबांच्या पिढीला या भाषेचे मोल वेगळ्या रीतीने कळले होते. हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू होते. कारभारही उर्दूत चाले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठीतून शिकता येणे ही मिळवलेली गोष्ट होती. तीच आज आपल्या तोंडी आली की ओशाळवाणी होते!

लहान गावाने असे ओशाळलेच पाहिजे असे काही नाही. याचे एक दूरचे उदाहरण देतो. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर बास्क प्रदेशात गेटारिया नावाचे कोळ्यांचे गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. मॅगेलनच्या मोहिमेतील पाच जहाजांपैकी एकच जहाज १५२२ साली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. ते आणणारा एल्कानो याच गावचा. बालेन्सियागा हा विख्यात वस्त्रकारही १८९५ साली येथेच जन्मला, आणि २०११ साली गावाने त्याच्या नावाचे संग्रहालय उभे केले. मोठी माणसे कोठेही जन्मतात, ते सोडा. मला नवल वाटते ते भाषेचे. बास्क भाषेचे जगातल्या कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५ या काळात, तिला सार्वजनिक जीवनातून हुसकावून लावले गेले. तरी आयाबायांनी ती घरात आणि कोळ्यांनी ती होडीवर टिकवली, आणि १९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने तिला राजभाषेचा दर्जा मिळाला. त्या कोळ्यांकडे आपल्यापेक्षा फार धन होते असे नव्हे. आपले जे आहे ते सांगण्याची त्यांना लाज नव्हती, एवढाच फरक.

आणि आपल्याकडे सांगण्यासारखे काय आहे? गावापासून तीनएक किलोमीटरवर नेमगिरीची जैन लेणी आहेत. तेथली पार्श्वनाथांची अवजड मूर्ती एका लहानशा दगडावर अशी तोललेली आहे की ती अधांतरीच वाटते. गावाचे जुने नाव जैनपूर होते असे सांगतात. दूरदूरच्या प्रांतांतून यात्रेकरू येतात; आपण एखाद्या सहलीत डबा खाऊन येतो. जालना रस्त्यावरच्या चारठाण्याला जुनी मंदिरे, बारव आणि उंच कोरीव स्तंभ आहे. गाडीच्या खिडकीतून आपण ते गाव शेकडो वेळा पाहतो, पण खाली उतरत नाही.

पण मला सर्वांत जास्त बोचते ते येलदरी. अजिंठ्याच्या डोंगरातून आलेल्या पूर्णेवर हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, वीजघराची क्षमता साडेबावीस मेगावॅट. जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांत आपल्या तालुक्याच्या जमिनी होत्या. येलदरीचे पाणी मात्र वीजघरातून खाली सिद्धेश्वरला जाते आणि तेथून निघालेले कालवे वसमतकडची जमीन भिजवतात. उंचसखल मुरमाड माळावर कालवा चढत नाही, हे भूगोलाचे प्राध्यापक समजावून सांगतील आणि ते खरेही आहे. वसमतच्या शेतकऱ्याशी माझे भांडण नाही. परंतु ज्यांनी जमीन दिली त्यांची हकीकत कोठे लिहिलेली आहे? धरणाची उंची, लांबी, क्षमता सर्व छापलेली मिळते. कोणते शेत बुडाले, देव कोठे हलवला, मोबदल्याच्या पैशाचे काय झाले, हे केवळ माणसांच्या आठवणीत आहे.

कोणी म्हणेल, आधी नोकरी, मग गावाचा स्वभाव! गाव सोडून जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. कोरडवाहू चार एकरांत तीन भावांचे भागत नाही, आणि मीही उद्या जाईन. पण जाणाऱ्याने आपण कोठून निघालो हे दोन वाक्यांत सांगता येण्याइतके तरी बरोबर न्यावे की नाही?

म्हणून संपादक मंडळाला एक सूचना. आपल्या वार्षिक अंकात ग्रेस आणि गालिब यांच्यावर लेख येतात, जरूर यावेत. पण पुढील अंकात आठ पाने जिंतूर तालुक्यासाठी राखून ठेवावीत. मराठी विभागाने बोलीतले शब्द जमवावेत. त्यांत निजामी कचेरीतले 'पेशकार', 'गिरदावर' असे शब्दही घ्यावेत, कारण ते बोलणारी माणसे आता थोडीच आहेत. इतिहास विभागाने चारठाण्याला एक दिवस द्यावा, डब्याशिवाय गेले तरी चालेल. येलदरीचे काम मात्र आधी हाती घ्यावे. धरण पूर्ण झाले तेव्हा जो विशीत होता तो आज ऐंशीच्या घरात आहे, आणि येलदरी येथून पंधराएक किलोमीटरवर आहे.