एकाच गिऱ्हाइकाची रोजी

मोबाइलच्या पडद्यावर चित्र हलते, मुलांचा खेळ पळतो, ते काम ग्राफिक्स प्रोसेसर करतो. ॲपलच्या २००७ च्या पहिल्या आयफोनपासून हा प्रोसेसर इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या इंग्लंडच्या कंपनीच्या आराखड्यावर बनत होता. ही कंपनी चिप बनवत नाही. आराखडा देते आणि त्याची रॉयल्टी घेते. तिचे इंजिनिअर आपल्या पुण्यातही काम करतात.

३ एप्रिल २०१७ रोजी इमॅजिनेशनने जाहीर केले की, ॲपल स्वतःचाच प्रोसेसर तयार करत आहे आणि १५ महिने ते दोन वर्षांत आमचे तंत्र नव्या फोनमधून काढणार आहे. कंपनीची जवळपास निम्मी कमाई या एकाच गिऱ्हाइकाची! शेअर एका दिवसात ६० टक्क्यांहून अधिक घसरला. त्याच सप्टेंबरात ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर आयफोन ८ मध्ये आला आणि इमॅजिनेशन ५५ कोटी पौंडांना विकायचा सौदाही ठरला.

ॲपलने दगा दिला, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी आधी कळवले, आणि हुनर शिकणे हा काही गुन्हा नाही. पण आमची पेटंटे न वापरता असा प्रोसेसर बनवणे फार कठीण आहे, असे इमॅजिनेशनने त्याच दिवशी ठणकावून सांगितले होते. पुढे जानेवारी २०२० मध्ये दोघांत नवा परवाना करार झाला. हातात कागद होते म्हणून बोलायला जागा तरी राहिली.

भवानी पेठेत, मोमीनपुऱ्यात, कोंढव्यात कितीतरी घरे एकाच शेठच्या कामावर चालतात. शिलाई असो की जरीकाम, सगळा व्यवहार तोंडी. सूरह बकरातल्या सर्वांत लांब आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायचा हुकूम आहे, आपण मात्र "घरचाच माणूस, लिहायचे काय?" म्हणून मोकळे होतो. मग एक दिवस शेठ स्वतःच मशीन टाकतो.

ईदचे काम सुरू होण्याआधी दर काय, पैसे कधी, काम बंद करायचे तर किती दिवस आधी सांगायचे, एवढे तरी वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्या. लिहायला कुणी नसेल तर आठवीतल्या मुलीला बसवा. तिचे मराठी आणि उर्दू अक्षर आपल्यापेक्षा बरे असते.