समुद्राकाठचे गाव आणि आपण



परवा जेवताना आमच्या सूनबाईने एक विषय काढला आणि घरात दोन तट पडले. भाईंदर पूर्वेची जागा सोडून उत्तनला भाड्याने राहायला जाऊ या, असे तिचे म्हणणे. समुद्र, ताजी मासळी, मुलांना मोकळी हवा आणि स्टेशनपर्यंत बस. आमचे हे ताट बाजूला सारून म्हणाले, "बाबासाहेबांनी गाव सोडा म्हणून सांगितले, आणि तुम्ही पुन्हा गावात निघालात?"

त्यांचा राग उगीच नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यातले त्यांचे गावही समुद्राकाठचेच. पण किनारा गावाचा आणि आपली वाडी ओढ्यापलीकडे. कोणी वरून पाणी ओतीपर्यंत माझ्या सासूबाई कळशी घेऊन विहिरीपासून दूर उभ्या राहात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले, ते अशा घरांनी भोगलेलेच होते.

तरी मी उत्तनला जाऊन आले. उत्तन, पाली, चौक ही मुख्यतः ख्रिस्ती कोळ्यांची गावे. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. त्या वासाची सवय करावी लागेल. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे ताज्या मासळीची बातही तेवढे दिवस विसरायची. शहराचा कचरा वर्षानुवर्षे धावगीच्या डोंगरावर येतो, त्याला आग लागली की धूर गावाने सोसायचा. हे सूनबाईला कोणी सांगितले नव्हते.

चौकला धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत पोर्तुगीज आणि पेशव्यांचे सैन्य त्यासाठी झुंजले. पेशव्यांच्या विजयाचा आनंद आपण किती मानायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे!

पण या किनाऱ्याचा इतिहास किल्ल्यांपाशी सुरू होत नाही. वसईच्या खाडीपलीकडे सोपारा आहे. तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला, तेव्हा आतून दगडी करंडक निघाला. व्यापार सोडून भिक्खू झालेला पूर्ण याच बंदराचा, असे बौद्ध ग्रंथ सांगतात. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांतही सोपाऱ्याची माणसे आहेत. आणि उत्तनहून गोराईकडे गेले की २००९ साली खुला झालेला विपश्यना पॅगोडा. त्याच्या खांबाविना घुमटाखाली आठ हजार साधक बसू शकतात. म्हणजे या काठावर आपण पाहुणे नाही, हे मी ह्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत.

रविवारी मात्र सदरा घालून आमच्याबरोबर खोली बघायला आले. घरमालकीणबाईने नावे विचारली, माणसे किती ते विचारले, आणि अनामत रक्कम सांगितली. सूनबाई खिडकीतून समुद्र बघत होती. ह्यांनी एकच प्रश्न केला, "बाई, पाण्याचा नळ घरात आहे की बाहेर?"

नळ घरात आहे. पाणी किती वेळ येते, ते पाहायला पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहोत.