जोडी शोभते का, हा प्रश्नच चुकीचा

मराठी मालिका बघणाऱ्यांशी मला भांडायचं आहे. न बघणाऱ्यांशीही भांडायचं आहे, पण त्यांचा नंबर आधी लावते, कारण त्यांचं लवकर आटोपेल.

बहारीनचं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे चालतं. त्यामुळे तुमच्या-माझ्या माहेरी जेवणाच्या ताटावर बघितल्या जाणाऱ्या मालिका इथे ईसा टाउनमध्ये चहाच्या वेळी लागतात. साडेसातची मालिका आमच्याकडे पाचला. मार्च २०२४ मध्ये 'स्टार प्रवाह'ने 'आई कुठे काय करते' साडेसातवरून दुपारी अडीचला हलवली, आणि आमच्याकडे ती बाराच्या ठोक्याला आली. निम्म्याजणी ऑफिसात, उरलेल्या कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात. शनिवार मात्र इथे सुट्टीचा. म्हणून दर शनिवारी बारा वाजता आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंच्या हॉलमध्ये आम्ही सहा-सातजणी जमायला लागलो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी असते. बाहेर चिटपाखरू नाही. आत एसी, पोहे आणि अरुंधतीचा संसार.

आतल्या खोलीत आमचे नवरे. त्यांच्या मते आम्ही चकाट्या पिटतो. ते स्वतः मात्र शेवटची ओव्हर कुणाला द्यायला हवी होती यावर तास-दीड तास जे बोलतात, ते विश्लेषण! अकरा अनोळखी माणसांच्या खेळावर वाद घालणं शहाणपणाचं, आणि नवरा-बायको, सासू-सून, घटस्फोट, पैसा यांवर वाद घालणं रिकामटेकडेपणाचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. माझ्या आईने दुपारची भांडी तशीच ठेवून दूरदर्शनवर 'दामिनी' बघितली. प्रतीक्षा लोणकरची ती पत्रकार बाई बघताना शेजारणींशी तिचं जे बोलणं व्हायचं, ते तिने घरात वडिलांशी कधी केलं नव्हतं. बायकांना घराबद्दल मोठ्याने बोलायला मिळालेली ती पहिली जागा होती. तेव्हा मालिकेवर भांडा, खुशाल भांडा. झाला यांचा निकाल.

आता तुमचा आणि माझा.

आपण भांडतो कशावर? ज्यांनी ही मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, मूळ कथा बंगाली 'श्रीमयी'ची. त्याच कथेवर पुढे हिंदीत 'अनुपमा' आली. अरुंधती म्हणजे मधुराणी प्रभुलकर. तिचा नवरा अनिरुद्ध, मिलिंद गवळी. त्याचे ऑफिसातल्या संजनाशी संबंध. पंचवीस वर्षांचा संसार मोडतो, घटस्फोट होतो, अरुंधती स्वतःच्या पायावर उभी राहते आणि पुढे २०२३ मध्ये आशुतोषशी, म्हणजे ओंकार गोवर्धनशी, लग्न करते. मोठी मुलं असलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई मराठी घराघरांत रोज संध्याकाळी दुसरं लग्न करत होती. केवढा विषय! आणि आमच्या हॉलमधला वाद काय? आशुतोष तिच्यापुढे लहान दिसतो. अनिरुद्ध वाईट असेल, पण शेजारी उभा राहिला की भारदस्त वाटतो. संजनाचं काहीही असो, दोघं दिसतात छान. उंची, रंग, केस, पोट. जसं काही आपण सोयरीक जुळवणारे मध्यस्थ आहोत आणि फोटो हातात घेऊन बसलोय.

हे आजचं नाही. २०१८ मध्ये 'तुला पाहते रे' लागली तेव्हा आठवा. सुबोध भावेचा विक्रांत सरंजामे आणि गायत्री दातारची ईशा निमकर. तिच्या दुप्पट वयाचा नायक. आपण सगळे वर्षं मोजायला बसलो. वीस की बावीस? मुलगी शोभते की बायको? गायत्री दातार नवखी होती, तिच्या संवादफेकीची चेष्टाही आपणच केली. पण तो तिचा मालक आहे, पगार त्याच्या हातात आहे, ती 'नाही' म्हणाली तर नोकरीचं काय, हा प्रश्न निदान माझ्या ओळखीत कुणी विचारला नाही. पुढे कथेनेच आपल्याला तोंडावर पाडलं. विक्रांत लबाड निघाला, पहिल्या बायकोच्या जिवावर उठलेला निघाला. आपण वयाचं अंतर मोजत राहिलो आणि माणूस खोटा आहे हे कुणी बघितलंच नाही. एरवी मालिका कितीही पाणी घालून वाढवलेली असो, एवढी चपराक तिने आपल्याला मारली हे मान्य करा.

अभिनयाचंही तेच. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया आधी रसिका सुनीलने केली, मग ईशा केसकरने, आणि मग पुन्हा रसिका सुनीलने. एकच भूमिका, तेच घर, तोच गुरुनाथ, आणि दोन वेगळ्या नट्या. अभिनय म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगली संधी कुठल्या शाळेत मिळणार होती? कोण वाक्य कुठे तोडते, कोण लबाडी डोळ्यांत ठेवते आणि कोण आवाजात, हे बघता आलं असतं. आपण म्हणालो, "जुनीच बरी दिसायची त्याच्या शेजारी." त्याच मालिकेत अनिता दातेची राधिका नागपूरकडची बोली बोलायची. ती बोली नीट पकडली आहे की नुसती गंमत म्हणून वापरली आहे, हा खरा वाद. आमच्यात एक विदर्भातली आहे, तिला कुणी विचारलंही नाही. आम्ही विचारत होतो की राधिकाने साडी बदलली तर नवरा परत येईल का.

रोजची मालिका करणं सोपं नाही, हेही ध्यानात घ्या. दिवसाला जवळपास एक भाग हातावेगळा करावा लागतो, कथा पुढे कुठे जाणार हे नटालाही ठाऊक नसतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन वेळा आदळतो, मागे ढोल-ताशांसारखं संगीत. अशा गोंगाटात मधुराणी प्रभुलकर आवाज न चढवता वाक्य बोलते आणि ते खरं वाटतं, हे मला पाच वर्षांत सगळ्यात मोलाचं वाटलं. अरुंधती अपमान झाल्यावर क्षणभर थांबते, पदर सारखा करते, मग बोलते. त्या थांबण्यात आपल्या किती आयांचं आयुष्य गेलंय! मिलिंद गवळींनी अनिरुद्धला सरळ खलनायक केलं नाही. त्याला स्वतःला तो बरोबरच वाटत राहतो, म्हणून तो ओळखीचा वाटतो, आणि म्हणूनच त्याचा राग येतो. तो राग नटावर काढणं म्हणजे आरशावर काढणं आहे.

आणि जोडीचं म्हणाल, तर 'होणार सून मी ह्या घरची' विसरलात? श्री आणि जान्हवी, शशांक केतकर आणि तेजश्री प्रधान. २०१४ मध्ये दोघांनी खरंच लग्न केलं तेव्हा आपल्याच घरचं कार्य असल्यासारखे आपण नाचलो. ते लग्न फार टिकलं नाही. मालिका २०१६ च्या सुरुवातीपर्यंत चालली. पडद्यावरची 'केमिस्ट्री' हे नटांनी केलेलं काम असतं, संसाराची हमी नव्हे, हे तेव्हाच कळायला हवं होतं. उलट आपण त्या दोघांकडेच जाब मागितला.

"अहो, गंमत आहे ती. एवढं काय मनावर घ्यायचं?" तुम्ही असं म्हणणार हे मला माहीत आहे. मीही असंच म्हणत होते.

आमच्या शनिवारच्या हॉलमध्ये एकजण स्वयंपाकघराच्या दाराजवळ बसायची. तिचं नाव सांगत नाही, गाव तर नाहीच. नवऱ्याच्या व्हिसावर ती इथे आली होती. आखातात याचा अर्थ काय ते तुमच्यापैकी अनेकांना सांगायला नको. बाईचा रहिवास नवऱ्याच्या कागदावर उभा असतो. संसार मोडला की घर जातं, देश जातो आणि मुलाची शाळाही जाते. अरुंधती घराबाहेर पडली तेव्हा तिला रडायला निदान स्वतःचं गाव होतं. हिने आधी नोकरी शोधली, मग स्वतःच्या व्हिसावर घेईल अशी कंपनी शोधली, आणि तो कागद हातात येईपर्यंत अकरा महिने त्याच घरात, त्याच माणसासमोर ताट वाढलं. कार्ड नव्याने झालं त्या दिवशी तिने आम्हाला पेढे दिले. का दिले ते सांगितलं नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात तिने सांगितलं की ती पुन्हा लग्न करतेय. तो केरळचा, तिच्याहून चार वर्षांनी लहान, टक्कल पडलेला, अंगाने जाड. कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो बघितला होता. ती आत चहा ओतायला गेली तेव्हा मी मटार सोलत होते, आणि मी म्हणाले, "चांगला असेल गं, पण शोभत नाही तिला."

ती दारात होती. ट्रे टीपॉयवर ठेवून ती म्हणाली, "ताई, आशुतोषला तुम्ही दोन-तीन वर्षं दिलीत. याला एक चहा तरी द्या."

कुणी हसलं नाही. टीव्हीवर संगीत चालू होतं.

मी तिला वाईट बोलले नव्हते. माझ्या मनात तिच्याविषयी काही वाकडं नव्हतं. पाच वर्षं मी जे माप वापरायचा सराव केला, तेच माझ्या हाताला लागलं, एवढंच. आणि हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. मालिकेवरचा वाद ही आपली तालीम असते. परदेशात राहणाऱ्यांची तर जास्तच, कारण इथे आपल्याला ना वाड्यातली बोलणी ऐकू येतात, ना मोलकरणीची, ना आत्या-मावश्यांची. घराविषयी मराठीत मोठ्याने बोलायची आपली जागा ही एवढीच. तिथे आपण जे शब्द घासूनपुसून ठेवतो, ते खऱ्या माणसावर पडतात, मग ते आपल्या मैत्रिणीवर पडतील, किंवा इथे जन्मलेली आपली मुलगी उद्या ज्याला घरी घेऊन येईल त्याच्यावर.

म्हणून वाद बंद करू नका, प्रश्न बदला. ती त्याच्यासमोर पूर्ण वाक्य बोलू शकते का? पैसा कुणाच्या हातात आहे? चूक झाल्यावर तो काय करतो? नटाबद्दल विचारायचंच तर हे विचारा, की त्याने हे सगळं आपल्याला दाखवलं का, की नुसता छान दिसला? हे प्रश्न विचारले की आशुतोषही तपासून घ्यावा लागतो. इतका समजूतदार पुरुष लेखकाने फुकट दिला आणि मार्च २०२४ मध्ये अपघातात मारूनही टाकला, हे सोयीचं नाही का? यावर भांडा ना! घसा बसेपर्यंत भांडा.

शेवटचा भाग ३० नोव्हेंबर २०२४ ला लागला. नेमका शनिवार. आम्ही सगळ्या जमलो, रडलो, काकूंनी शिरा केला होता. दाराजवळची जागा महिनाभर रिकामीच होती. तिचं लग्न भारतात झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं, आणि बोलवावं असं आम्ही काही केलंही नव्हतं. ती दोघं आता ईसा टाउनमध्येच राहतात, इंडियन स्कूलच्या पलीकडे. मुलाची बस सकाळी माझ्या खिडकीखालून जाते.

त्या माणसाला मी अजून चहा दिलेला नाही. पुढच्या शनिवारी बोलावणार आहे. तुमच्या गावात दुपार किती वाजता होते मला ठाऊक नाही, पण तुमच्याही हॉलमध्ये दाराजवळ कुणीतरी बसलेलं असेल. 'शोभत नाही' म्हणण्याआधी जरा तिकडे बघा.