मुलीला नाटकात जायचे आहे

गेवराई तालुक्यातील चकलांबा येथून एका वाचक गृहस्थांनी आम्हांस पत्र लिहिले आहे. घर एकत्र, माणसे बारा, पैकी तिघे शिक्षक. थोरल्या भावाची मुलगी यंदा पदवीधर झाली. महाविद्यालयाच्या एकांकिकेत तिला बक्षीस मिळाले, आणि आता ती म्हणते की, "मला नटी व्हायचे आहे, पण मालिकांत नव्हे, प्रायोगिक नाटकांत आणि लहान चित्रपटांत." आजी रुसल्या आहेत, वडील गप्प आहेत. "आम्ही काय उत्तर द्यावे?" असे ते विचारतात. पत्र एका घरचे असले तरी प्रश्न पुष्कळ घरांचा आहे.

अब्रूचा मुद्दा प्रथम घेऊ. दुर्गाबाई खोटे 'अयोध्येचा राजा' या बोलपटात तारामती झाल्या, ती गोष्ट १९३२ सालची. त्यांच्यामागून कित्येक सुशिक्षित घरांतील स्त्रिया या व्यवसायात आल्या आणि मानाने राहिल्या. तो वाद पुन्हा उकरण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न पोटाचा आहे. प्रायोगिक नाटकाचे प्रयोग थोडे, प्रेक्षक बेताचे. तिकिटांचे पैसे बहुधा नेपथ्यात आणि भाड्यातच जिरतात. मग नटीने जगावे कशावर?

याचे उत्तर आम्हांस सुलभाताई देशपांडे यांच्या आयुष्यात सापडते. त्या दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि मुलांची नाटके बसवीत. १९६७ साली विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात त्या लीला बेणारे झाल्या. बेणारेही शिक्षिकाच. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्या नाटकाचा चित्रपट केला, त्यातही बेणारे त्याच होत्या. त्याच वर्षी पती अरविंद देशपांडे व अरुण काकडे यांच्यासह त्यांनी 'आविष्कार' ही संस्था उभारली. १९७४ पासून संस्थेचे प्रयोग छबिलदास शाळेच्याच सभागृहात होऊ लागले आणि 'छबिलदास चळवळ' हे नाव रूढ झाले. मुलांसाठी 'चंद्रशाला' निघाली. चित्रपटांत श्याम बेनेगलांच्या १९७७ सालच्या 'भूमिका'पासून २०१२ सालच्या 'इंग्लिश विंग्लिश'पर्यंत त्या दिसत राहिल्या. २०१६ साली त्या निवर्तल्या.

नोकरीमुळे त्यांची कला खुंटली नाही. उलट पोटाची सोय असल्यामुळेच मनाजोगी भूमिका निवडणे सोपे जाते, असे आम्हांस वाटते. म्हणून आमचा सल्ला असा. मुलीला अडवू नये, पण शिक्षणाविना सोडूही नये. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिची तेथे जाण्याची तयारी असेल, तर घराने खर्चाची मुदत आधीच मोकळेपणाने ठरवावी, आणि त्या मुदतीत तिला लग्नाबद्दल छेडू नये. तिनेही अध्यापन, भाषांतर, निवेदन यांपैकी एखादी विद्या हाताशी ठेवावी. भूमिका न मिळणारे महिने या धंद्यात येतातच. त्या महिन्यांत हीच विद्या तिची लाज राखील.

बेणारेबाईंच्या नाटकात खेळ म्हणून अभिरूप न्यायालय भरते, आणि पाहता पाहता प्रतिष्ठित मंडळी एका कमावत्या स्त्रीच्या खाजगी आयुष्याचा खराखुरा निवाडा करू लागतात. एकत्र कुटुंबात असे कोर्ट भरावयास वेळ लागत नाही. काका, आत्या, शेजारी सारेच न्यायाधीश होतात, आणि जिचा प्रश्न तिलाच कोणी बोलू देत नाही.

पत्रलेखकांस शेवटी एकच विचारावेसे वाटते. त्या एकांकिकेस बक्षीस मिळाल्याचे त्यांनी लिहिले आहे. पण घरातील कोणी ती पाहिली, असे पत्रात कोठेही नाही. तिचा पुढचा प्रयोग असेल तेथे आजींना घेऊन जावे. उत्तर काय द्यावयाचे ते घरी परतल्यावर ठरवावे.